दोन पुस्तकं, एक दुपटं आणि हुबळीचं तिकीट

ऑफिसमध्ये चार दिवसांच्या सुट्टीचा मेल टाकला, की हल्ली एकच प्रश्न येतो. 'कुठे? गोवा की मनाली?' मी म्हटलं, 'हुबळी.' क्युबिकलमध्ये अशी शांतता पसरली, जशी अप्रेझलच्या दिवशी पसरते. मग टीममधल्या एकीनं विचारलं, 'तिथे काय आहे?' म्हटलं, माझ्या मावसबहिणीची मुलगी आहे. वय वर्षं शून्य. तिचं बारसं आहे, आणि तिचं दुपटं मी शिवतेय.

'शिवतेस म्हंजे? हातानं? ती आजीवाली गोधडी?'

हो, तीच. हिंजवडीत दिवसभर एक्सेलच्या चौकटी भरायच्या आणि घरी येऊन कापडाच्या चौकटी जोडायच्या, असा आपला दिनक्रम आहे. कुणी जिमला जातं, कुणी साल्साच्या क्लासला. मी गोधडी शिवते. आणि पुस्तकं वाचते. यातला खरा लोचा 'आणि' या शब्दात आहे.

हात दोन, डोळेही दोनच!

गाणी ऐकत स्वयंपाक होतो, फोनवर बोलत इस्त्री होते. पण वाचायला डोळे लागतात आणि टाका घालायलाही तेच लागतात. रात्री साडेनऊला जेवणं आटोपली, की माझ्या उशाशी दोन पार्ट्या उभ्या असतात. एकीकडे अर्धवट वाचलेलं पुस्तक, दुसरीकडे अर्धवट शिवलेली गोधडी. ज्या दिवशी पुस्तक जिंकतं, त्या दिवशी सुई रुसते. यावर मी काढलेला फंडा सिंपल आहे. हिंजवडीची बस पुस्तकाची, घरची रात्र सुईची. जाताना तासभर, येताना तासभर. ट्रॅफिकला शिव्या घालायचं मी कधीच सोडून दिलंय. वाकडच्या पुलाखाली माझ्या चार-चार कादंबऱ्या संपल्यात, बॉस!

फोन आला तेव्हा बारशाला एकोणीस दिवस होते. मी लगेच हिशोब मांडला, शेवटी धंदा तोच आहे ना! दुपटं साधारण एक मीटर बाय एक मीटर. दोन ओळींत बोटभर अंतर, म्हणजे दोन सेंटिमीटर. झाल्या पन्नास ओळी. एक ओळ धावदोरा घालायला मला बारा मिनिटं लागतात. एकूण दहा तास. रोज अर्धा तास धरला तर एकोणीस दिवसांत साडेनऊ तास होतात. उरला अर्धा तास, म्हणजे अडीच ओळी. त्या गाडीत घालायच्या. प्लॅन एकदम फिट्ट बसला. फक्त एक गोष्ट ठरायची होती. कापड कुठलं?

ट्रंकेतलं लुगडं

तान्ह्या बाळाचं दुपटं नव्या कापडाचं करत नाहीत, हे आपल्याकडच्या कुठल्याही आजीला विचारा. नवं कापड खळीनं ताठ असतं, धुतल्यावर आटतं आणि बाळाला टोचतं. शेकडो वेळा धुतलेलं जुनं सुती लुगडं मात्र सायीसारखं मऊ होतं. ते घाम टिपतं, पटकन वाळतं आणि पुन्हा धुवायला तयार. आपल्या गोधडीचं अख्खं शास्त्र या एका गोष्टीवर उभं आहे. म्हणूनच ती बंगालात कांथा होते, बिहारात सुजनी, कच्छ-सिंधकडे रल्ली आणि कोल्हापूरकडे वाकळ. नावं वेगळी, पण गंमत तीच. जुनं कापड थरावर थर ठेवायचं आणि साध्या धावदोऱ्यानं एकजीव करायचं.

आमच्या घरात असं एकच लुगडं उरलंय. आजीचं. हिरवं, बारीक चौकड्यांचं, नऊवारी. आजी गेली तेव्हा बाकीची वाटून टाकली, हे आईनं ट्रंकेत ठेवलं. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत ते बाहेर येतं. आई ते नाकाशी धरते आणि परत ठेवते. इतकंच. त्यावर कात्री चालवायची, हे बोलायचं कसं?

बोलले. आई म्हणाली, 'दुसरं घे. माझी कॉटनची साडी घे. ते नको.' विषय कट.

मला त्या आठवड्यात अॅलिस वॉकरची 'एव्हरीडे यूज' ही १९७३ सालची गोष्ट सारखी आठवत होती. अमेरिकेच्या दक्षिणेतलं एक गरीब काळं कुटुंब. आजीच्या हातच्या गोधड्या घरात आहेत. शिकून शहरात गेलेल्या मोठ्या मुलीला त्या भिंतीवर टांगायला हव्यात. धाकटी त्या रोज अंगावर घेईल आणि त्या विरून जातील, असं तिचं म्हणणं. आई मात्र त्या धाकटीलाच देते. मला ही गोष्ट आवडते, पण मोठीचा मुद्दाही मला अगदीच खोटा वाटत नाही. अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या बायकांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये लागल्या. २००६ साली त्यांची पोस्टाची तिकिटं निघाली. भिंतीवर गेल्या म्हणून तर जगाला कळल्या! मग आईनं एक लुगडं जपलं, तर तिचं चुकलं काय?

निर्णय शेवटी लुगड्यानंच केला. रविवारी आईनं ते स्वतःहून बाहेर काढलं आणि उलगडलं. घडीच्या रेषांवर कापड विरलं होतं. तीन ठिकाणी प्रकाश आरपार दिसत होता. कुणी नेसलं नव्हतं, कुणी धुतलं नव्हतं, नुसतं घडीत राहून फाटायला आलं होतं. आई बराच वेळ त्या रेषांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, 'कात्री नको लावू. काठाशी खाच दे, मी धरते.' मी खाच दिली. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. टर्रकन आवाज झाला आणि कापड धाग्याच्या सरळ रेषेत फाटलं. आमच्या दोघींचे डोळे भरले होते, पण हात थांबले नाहीत.

नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर. दुपट्याच्या तीन थरांना तीन मीटर पुरले. चांगला भाग वर आणि खाली, विरलेला मधे. पदर आईकडे राहिला. आता तो ट्रंकेत नाही, देवघराशेजारच्या खुंटीवर असतो. येता-जाता हात लागतो.

हुबळीच्या पुढे

आता सुट्टी चार दिवसांची का, ते सांगते. बारसं एका दिवसाचं. उरलेले दिवस यल्लापूरचे. हुबळीहून साधारण सत्तर किलोमीटर, घाटमाथ्यावरच्या जंगलातलं हे गाव. त्या पट्ट्यात, म्हणजे यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी लोक राहतात. सिद्दी म्हटलं की आपल्याला जंजिरा आठवतो. पण यांची कहाणी वेगळी. यांच्यातल्या अनेकांच्या पूर्वजांना पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलं. त्यातले काही निसटले आणि या जंगलात आले. आज त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्म आहेत. त्यांची बोली कोकणीच्या वळणाची, म्हणजे कानाला अगदीच परकी नाही. २००३ साली उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला.

आणि या बायका कवंदी शिवतात. कवंदी म्हणजे त्यांची गोधडी, खाली जुनी साडी आणि वर घरातल्या जुन्या कपड्यांचे तुकडे. पण त्यांची रीत आपल्या उलटी आहे. आपण बहुतेक एका कडेपासून दुसरीकडे समांतर ओळी घालत जातो. त्या एका कोपऱ्यापासून सुरुवात करतात, कडेकडेनं जातात आणि तुकडे जोडत जोडत फिरत मध्याकडे येतात. टाकेही तसेच फिरतात. शेवटी चार कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचे त्रिकोण लावतात. त्यांना 'फुला' म्हणतात. ते लागल्याशिवाय कवंदी पूर्ण झाली असं त्या मानत नाहीत.

फोटो बघून ही रीत जमत नाही. मी करून पाहिलंय, मध्ये पोचेपर्यंत कापडाला झोळ येतो. तो त्या कसा आवरतात, हे शेजारी बसून बघायचंय. पण कुणाच्याही ओसरीवर कॅमेरा घेऊन टपकायचं नाही, एवढं पथ्य पाळायचं. आधी ओळखीतून निरोप पाठवला, होकार आला, मगच तिकीट काढलं. आवडलेली कवंदी घ्यायची तर त्या सांगतील त्या किमतीला. हातानं शिवायला किती तास लागतात, हे आपल्याला माहितेय ना? मग 'थोडं कमी करा' हे वाक्य पुण्यातच ठेवून जायचं.

बॅगेचं महाभारत

कपडे भरायला मला दहा मिनिटं लागली. पुस्तकं निवडायला चार दिवस. पहिली यादी अकरा पुस्तकांची होती. आई म्हणाली, 'बारशाला चाललीयेस की ग्रंथप्रदर्शनाला?' मग नियम केला. फक्त दोन पुस्तकं, एक मराठी, एक इंग्रजी. मराठीतलं इरावती कर्व्यांचं 'परिपूर्ती', कारण त्यातले लेख छोटे आहेत आणि दोन स्टेशनांच्या मध्ये एक संपतो. इंग्रजीतलं मार्गारेट अॅटवूडचं 'एलियस ग्रेस'. १९९६ सालची ही कादंबरी. खुनाच्या आरोपाखाली शिक्षा भोगणारी नायिका गोधड्या शिवता शिवता आपली गोष्ट सांगते आणि कादंबरीच्या भागांना गोधड्यांच्या नक्ष्यांची नावं आहेत. आपल्यासारखीसाठी याहून सॉलिड प्रवासी सोबत कोणती?

तुम्हीही हातकाम घेऊन प्रवासाला निघणार असाल, तर माझी चेकलिस्ट घ्या:

• कापणं, मोजणं, थर लावणं घरीच उरका. थर सरकू नयेत म्हणून लांब कच्चे टाके घालून ठेवा. गाडीत फक्त टाका घालायचा.

• दोरा हातभरच घ्या. लांब घेतला की गुंता होतो आणि शेजारच्या काकांच्या डोळ्यात कोपर जातं.

• चार-पाच सुया आधीच ओवून एका कापडाच्या तुकड्यात टोचून ठेवा. हलत्या गाडीत दोरा ओवणं म्हणजे शिक्षा.

• अंगुस्तान विसरू नका. तीन थरांतून सुई ढकलताना बोटाची चाळण होते.

• बाळाचं काम असेल तर बटणं, टिकल्या, मणी काही नको. गाठ थरांच्या आत लपवा आणि शेवटी सुया मोजा. जेवढ्या नेल्या तेवढ्या परत आल्याच पाहिजेत.

• पुस्तक पातळ घ्या किंवा लाडकं घ्या. जाड आणि नावडतं दोन्ही असेल, तर ते आयुष्यभर बॅगेतच राहतं.

हे लिहितेय तेव्हा सत्तेचाळीस ओळी झाल्यात. उद्या रात्रीची गाडी. सातारा, मिरज, बेळगाव, लोंढा, धारवाड, मग हुबळी. आईनंही तिकीट काढलंय. परवापर्यंत ती 'मला नाही जमायचं' म्हणत होती. काल रात्री तिनं माझ्या हातातून सुई घेतली, चष्मा लावला आणि म्हणाली, 'शेवटची ओळ माझी. तू वाच हवं तर.'

म्हणजे बघा, हात चार झाले की डोळ्यांचाही प्रश्न सुटतो!