चौदावा दिवस प्रत्येकीचा नसतो

हडपसरहून तुमची बचत गटाची ताई बोलतेय. आजचा विषय आपण दार लावून, हळू आवाजात बोलतो तो: मूल हवं असेल तर दिवस कसे मोजायचे?

लाजू नका. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून असे विषय मराठीत उघड मांडले. त्यापायी त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. आपण निदान आपापसात तरी बोलू या.

आमच्या गटातली एक मैत्रीण दोन वर्षं ‘चौदावा दिवस’ धरून चालली होती. नवस झाले, टोमणेही झाले. पण तुझी पाळी किती दिवसांनी येते, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती येत होती ३५ दिवसांनी!

स्त्रीबीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी. कुणाचं १२, कुणाचं १६. म्हणजे मोजायचं मागून. पाळी २८ दिवसांनी येत असेल तर चौदावा दिवस बरोबर. ३५ दिवसांनी येत असेल तर ३५ वजा १४, म्हणजे एकविसावा. २४ दिवसांनी येत असेल तर दहावाच.

सुटलेलं बीज जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. पुरुषबीज मात्र बाईच्या अंगात पाच दिवसांपर्यंत जगू शकतं. म्हणून बीज सुटायच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस, असे सहा दिवस महत्त्वाचे. त्यात दर एक-दोन दिवसांनी संबंध आला तरी पुरे.

दुधाचा हिशोब लिहितो त्याच कॅलेंडरवर पाळीच्या तारखेला गोल करा. रक्त दिसलं तो पहिला दिवस, डोक्यावरून अंघोळ केली तो नव्हे. तीन-चार महिने लिहिलं की आपला अंदाज आपल्याला येतो. अंगावरचं पाणीही सांगतं: कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं, बोटांत ताणलं जाणारं दिसलं की दिवस जवळ आले. मेडिकलमध्ये लघवीत बुडवायची पट्टी मिळते, ती साधारण एक-दीड दिवस आधी सुचवते. गरोदरपण तपासायची पट्टी वेगळी, ही वेगळी. नीट सांगून घ्या.

पाळी फार मागेपुढे होत असेल तर हे हिशोब चुकतात. तेव्हा थांबू नका, डॉक्टरांकडे जा. पाळी नियमित असेल, तरी वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर जा. वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच. आणि जायचं दोघांनी. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूनेही काही कारण असतं, आणि वीर्याची तपासणी सोपी असते. फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहायच्या आधीपासूनच घ्यायची असते, तेही विचारून घ्या.

आमच्या मैत्रिणीने नीट मोजलं, तरी सहा महिने काही झालं नाही. मग नवऱ्याचीही तपासणी झाली, कारण तिथे सापडलं. आता उपचार चालू आहेत. मूल होईल तेव्हा होईल, पण घरातले टोमणे थांबलेत.

पुढच्या बैठकीला पासबुकाबरोबर आपलं कॅलेंडरही आणा. सोबत बसून मोजू या.