जुनी वस्तू घेण्यात कमीपणा कसला? फक्त बैलासारखी पारखून घ्या

जळगाव : पाचोरा तालुक्यातल्या वरखेडीचा गुरांचा बाजार सगळ्या खान्देशाला माहीत आहे. तिथं बैलजोडी घ्यायला गेलेला शेतकरी आधी जबडा उघडून दात बघतो. आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळलेला, हे ठरलं की मग खांदा, खूर आणि चाल. चार पावलं चालवल्याशिवाय कोणी पैसे काढत नाही. आता हिशेबाने बघितलं तर बाजारातला हा बैल सेकंड हँडच असतो. तो घेताना कोणाला कमीपणा वाटत नाही. मात्र तोच माणूस पोरासाठी जुनी सायकल किंवा जुना मोबाईल घेताना शेजाऱ्याला सांगतो, ‘नवाच आहे, ऑफरमधी भेटला.’

पारखायची सवय अंगात असताना ती मोबाईल आणि मोटरसायकलच्या वेळी घरी ठेवून गेल्याने अनेकांचे पैसे बुडतात. दुसरीकडे निव्वळ लाजेपोटी नव्या वस्तूंवर जास्तीचे पैसे घालणारेही कमी नाहीत. कापसाचा किंवा केळीचा पैसा हातात आला की दुकानाकडे धाव घ्यायची, आणि पेरणीच्या वेळी सावकार किंवा सोसायटीकडे जायचं, हे चक्र खान्देशात नवं नाही.

परदेशात जुन्या वस्तूंच्या दुकानांना ‘थ्रिफ्ट स्टोअर’ म्हणतात. थ्रिफ्ट म्हणजे काटकसर. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात १९०२ साली एका पाद्र्याने ‘गुडविल’ ही संस्था सुरू केली. श्रीमंत वस्त्यांतून जुने कपडे आणि सामान गोळा करायचं, ते दुरुस्त करायला गरिबांना काम द्यायचं आणि स्वस्तात विकायचं, अशी ती पद्धत. आज तिथं नोकरदार, विद्यार्थी, बऱ्यापैकी पैसेवालेही अशा दुकानांत जातात. पुण्या-मुंबईतली कॉलेजची पोरं आता इन्स्टाग्रामवर जुने कपडे घेतात आणि त्याला थ्रिफ्टिंग म्हणतात. तीच गोष्ट गावात केली की ‘उतरलेले कपडे’ होतात, हा गमतीचा भाग.

आपल्याकडे हा व्यवहार फार जुना आहे. दारावर येणारी बोहारीण म्हणजे भांडेवाली जुने कपडे घेऊन स्टीलचं भांडं देते. ती ते कपडे निवडते. चांगले असतील ते धुऊन, शिवून, इस्त्री करून पुन्हा बाजारात जातात. अगदीच विरलेले पुसायच्या चिंध्यांसाठी गॅरेज-कारखान्यांना जातात. लोकरीचे जुने कपडे हरियाणातल्या पानिपतला पोहोचतात. तिथं ते पिंजून त्यांचा पुन्हा धागा काढतात आणि त्याच धाग्याच्या स्वस्त घोंगड्या-ब्लँकेट देशभर विकल्या जातात. थंडीत आपण पांघरतो त्या ब्लँकेटमध्ये कोणाचा तरी जुना स्वेटर असू शकतो. घरात आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी तर सगळ्यांनीच वापरलेली आहे.

पुण्यात मंगळवार पेठेचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरत आला आहे. मुंबईत भेंडी बाजाराजवळच्या मटण स्ट्रीटवर चोर बाजार आहे. गावाकडून भंगारात किलोवर गेलेली पितळेची घंगाळं आणि तांब्याचे हंडे अशाच बाजारांत घासूनपुसून ठेवलेले दिसतात, आणि शहरातले लोक ते दिवाणखान्यात मांडायला भंगाराच्या कितीतरी पट भाव देऊन नेतात. म्हणून मोड देण्याआधी एकदा विचार करा. घडणीचं, जाड पत्र्याचं, ठोक्याचं काम असलेलं जुनं भांडं निव्वळ वजनावर घालवू नये. जरीच्या साडीचंही तसंच. पूर्वीच्या लग्नातल्या शालूत आणि पैठणीत चांदीची जर असायची. अशा साड्या विकत घेणारे लोक कापड जाळून त्यातली चांदी काढतात. आजीचा शालू एका स्टीलच्या टोपल्याच्या बदल्यात देण्याआधी सराफाला दाखवून घ्या. अलीकडच्या साड्यांची जर बहुतेक नकली असते, तिच्यात काही निघत नाही.

खरेदीत सगळ्यात जास्त फायदा कुठे होतो, हे बघायचं तर ज्या वस्तूची झीज डोळ्याला दिसते तिथे. सायकल, लोखंडी कपाट, लाकडी पलंग, शिलाई मशीन, पुस्तकं, कपडे. यात लपवण्यासारखं फार नसतं. धाब्याची जुनी घरं पाडली की निघणारं सागवान हा तर सोन्यासारखा माल आहे. ते लाकूड वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, त्यामुळे त्याची चौकट नव्या ओल्या लाकडासारखी वाकत नाही. वाळवी लागली आहे का ते पेचकस टोचून बघायचं, आणि रंध्यावर घालण्याआधी खिळे काढून घ्यायचे. एवढंच.

पुस्तकांची गोष्ट थोडी वेगळी. पहिली ते आठवीची बालभारतीची पुस्तकं सरकारी आणि अनुदानित शाळेत फुकट मिळतात. पुढच्या वर्गांना विकत घ्यावी लागतात आणि तिथं जुनी पुस्तकं मोठा आधार ठरतात. पण अभ्यासक्रम बदलला की जुनं पुस्तक रद्दी होतं. पहिलीचा अभ्यासक्रम २०२५ पासून बदलला आणि पुढचे वर्ग टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. म्हणून भावाचं पुस्तक बहिणीला चालेल असं गृहीत धरू नका, आधी शाळेत विचारा. नीट परीक्षेचा अभ्यासक्रम २०२४ साठी कमी झाला. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून लेखी उत्तरांच्या पद्धतीची झाली. त्यामुळे मुख्य परीक्षेसाठी पर्यायी प्रश्नांचे जुने संच घेण्यात अर्थ नाही. इतिहास, भूगोल, राज्यघटना यांची मूळ पुस्तकं मात्र दोन वर्षं जुनी असली तरी चालतात. राज्यघटनेच्या पुस्तकात मधल्या काळातल्या दुरुस्त्या तेवढ्या टिपून ठेवाव्या लागतात. तयारीसाठी पुण्याला गेलेली पोरं परत येताना पुस्तकं कमी भावात काढतात. गावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं तरी बरंच काम होतं.

कपडे घेताना कापड उजेडासमोर धरा, विरलेलं लगेच दिसतं. काखेतली आणि मांडीतली शिवण, चेन, काज-बटणं बघा. लग्नाची शेरवानी किंवा घागरा हा जुना घेण्यासारखा उत्तम माल, कारण तो बहुतेक वेळा एकदाच घातलेला असतो. घरी आणल्यावर गरम पाण्यात भिजवून कडक उन्हात वाळवायचं. शिवलेली गादी किंवा कापडी सोफा मात्र टाळलेला बरा. त्यातले ढेकूण एकदा घरात शिरले की वाचवलेले पैसे फवारणीत जातात.

कपाशीच्या जिल्ह्यात एक हिशेब सांगायलाच हवा. एका सुती टी-शर्टला, कापूस पिकवण्यापासून कापड तयार होईपर्यंत, सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं असा अंदाज पर्यावरणाचं काम करणाऱ्या संस्था देतात. मार्चनंतर टँकरची वाट बघणाऱ्या गावांना हा आकडा समजावून सांगायची गरज नाही. जुना कपडा आणखी दोन वर्षं वापरला गेला तर तेवढं पाणी, रंग आणि मजुरी पुन्हा खर्ची पडत नाही.

इथपर्यंत सोपं आहे. जिथे झीज दिसत नाही किंवा मालकी कागदावर असते, तिथे खरी परीक्षा.

मोबाईलपासून सुरुवात करू. चौकात कोणी ओळखीचा-अनोळखी माणूस ‘अर्जंट पैशे पाहिजे, पाच हजारात घेऊन टाक’ म्हणत असेल तर सावध व्हा. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश डायल केलं की पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसतो. मग मेसेजमध्ये इंग्रजीत के, वाय, एम ही तीन अक्षरं, एक जागा सोडून तो नंबर, आणि पाठवायचं १४४२२ वर. हीच तपासणी केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरही होते. ते मे २०२३ मध्ये सुरू झालं. उत्तरात फोन ब्लॅकलिस्टमध्ये आहे, नंबर डुप्लिकेट आहे किंवा आधीच वापरात आहे असं आलं तर तो हातात सुद्धा धरू नका. चोरीचा फोन ब्लॉक झाला की त्यात कोणतंही सिम चालत नाही. शिवाय माल चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला सबळ कारण असूनही घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘मला काय माहीत’ हे उत्तर बिल नसलेल्या, बॉक्स नसलेल्या, निम्म्याहून कमी भावाच्या फोनला पुरत नाही. विकणाऱ्याने आपलं गुगल खातं फोनमधून काढलं आहे ना, हेही समोर बघा. नाहीतर रीसेट केल्यावर फोन त्याचाच पासवर्ड मागत बसतो. दुकानातून घेत असाल तर साध्या कागदावर का होईना, आयएमईआय लिहिलेलं सही-शिक्क्याचं बिल घ्या.

मोटरसायकलीत इंजिनाचा आवाज सगळे ऐकतात, कागद कोणी बघत नाही. एम-परिवहन अॅपमध्ये गाडीचा नंबर टाकला की नोंदणी कधीपर्यंत आहे, विमा आहे की नाही आणि गाडीवर बँकेचा बोजा आहे का, ते कळतं. बोजा असेल तर बँकेचा नाहरकत दाखला आणि फॉर्म ३५ लागतो. चेसिस नंबर पुस्तकातल्या नंबराशी जुळवून बघा. खरवडलेला दिसला तर घरी परत या. दुचाकीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, त्यामुळे चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळाली तरी पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा खर्च तुमच्याच माथी येणार. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबर प्लेट लागली आहे का, तेही विचारा. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे आठवडा, शेवटचे दोन म्हणजे वर्ष. नक्षी शाबूत दिसली तरी टायर सात-आठ वर्षांचा असेल तर त्याचे पैसे भावातून कमी करून घ्यायचे. ‘कितलाले शे?’ विचारण्याआधी हे सगळं बघून झालेलं असलं की घासाघीस आपोआप सोपी होते.

काही वस्तू कितीही स्वस्त मिळाल्या तरी जुन्या घेऊ नयेत. हेल्मेट त्यात पहिलं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चकचकीत दिसतं, पण आतला थर्माकोल दबलेला असला तर दुसऱ्यांदा डोकं वाचत नाही. गॅसचा रेग्युलेटर आणि नळी, पाणी तापवायचा रॉड, मोबाईलची बॅटरी आणि चार्जर या वस्तूही नव्याच घ्याव्यात.

गाडी घेतल्यावर नाव बदलणं हा खान्देशातल्या गावांत सर्रास टाळला जाणारा भाग. बापाच्या नावची गाडी बाप वारल्यावरही पोरगा दहा वर्षं तशीच चालवतो. मालक वारल्यास वारसाने तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून नाव लावून घ्यायचं असतं. विक्रीच्या वेळी फॉर्म २९ आणि ३० लागतात. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं, असा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० चा नियम आहे. विम्यावरचं नाव बदलायला घेणाऱ्याला चौदा दिवस असतात. एमएच १९ ची गाडी धुळ्याला एमएच १८ मध्ये गेली तरी नंबर तोच राहतो, नाव तेवढं बदलतं.

यात घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याला जास्त धोका आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर अशाच एका गाडीचं प्रकरण आलं. मूळ मालकाने गाडी विकली होती, ती पुढे एकेका हातातून फिरत गेली, पण आरटीओच्या नोंदीत नाव त्याचंच राहिलं. मग अपघात झाला आणि माणूस दगावला. न्यायालयाने सांगितलं की नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. गाडी त्याच्या ताब्यात नव्हती, अपघात त्याने केला नव्हता, तरी सुटका झाली नाही. त्यामुळे शंभराच्या स्टॅम्पवर ‘गाडी विकली’ असं लिहून सही घेतली, तरी आरटीओत नाव बदललं गेलं का, हे महिन्याभराने एम-परिवहनवर स्वतः नंबर टाकून बघायचं. जुनंच नाव दिसलं तर घेणाऱ्याला फोन लावायचा. ऐकत नसेल, तर विक्रीचा कागद घेऊन आरटीओत लेखी अर्ज द्यायचा आणि त्याची पोच जपून ठेवायची.