आमच्या लेबलावर मोसंबीचं संत्रं कसं झालं?



आमच्या गटानं मोसंबीच्या सरबतासाठी नवं लेबल केलं, त्याची ही गोष्ट. दरवेळी आम्ही तालुक्याच्या गावी फ्लेक्सच्या दुकानात चित्रं करून देणाऱ्या मुलाकडं जायचो. या वेळी सचिवताईंची लेक म्हणाली, ‘‘पैसे कशाला घालवता, मोबाइलवर होतंय की!’’ तिनं ‘मोसंबी, बाटली, हिरवं शेत’ एवढं टाइप केलं आणि अर्ध्या मिनिटात चित्र हजर. एक रुपया लागला नाही. सगळ्याजणी खूश.

प्रदर्शनात बाटल्या मांडल्या तर पहिल्याच गिऱ्हाईक बाई विचारतात, ‘‘नागपूरच्या संत्र्याचं सरबत का हो?’’ बघतो तर काय, लेबलावरचं फळ भगव्या रंगाचं! मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आपल्या जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे तिच्या नावाला सरकारी ओळख मिळाली. आणि आम्हीच तिचं संत्रं करून टाकलं.

असं का झालं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

मोबाइलवर चित्र काढणाऱ्या या यंत्रणेला एआय म्हणतात, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. तिनं मोसंबी कधी हातात घेतलेली नाही. तिला इंटरनेटवरची करोडो चित्रं आणि त्यांच्याखालचं लिखाण दाखवलेलं असतं. २०२२ साली खुला झालेला अशा चित्रांचा एकच साठा घेतला तरी त्यात ५८५ कोटी चित्रांचे पत्ते होते. कोणत्या शब्दाबरोबर कोणता रंग, कोणता आकार येतो, हे ती त्यातून शिकते आणि तसं नवं चित्र जुळवते. संत्र्याचे फोटो जगात ढीगभर, आपल्या मोसंबीचे मूठभर. मग ढिगाकडंच तिचा कल जाणार.

पण ती करोडो चित्रं होती कुणाची? कुणीतरी बसून काढलेली, कुणीतरी उन्हात उभं राहून टिपलेली. त्यांना कुणी विचारलं नाही, पैसेही दिले नाहीत. म्हणून तर अमेरिकेतल्या काही चित्रकारांनी जानेवारी २०२३ मध्ये अशा कंपन्यांना कोर्टात खेचलं. मार्च २०२५ मध्ये तुमच्याही व्हॉट्सअॅपवर लेकरांचे, नवरा-बायकोचे कार्टूनसारखे फोटो फिरले असतील. ती धाटणी जपानच्या घिबली स्टुडिओची. तिथले कलाकार एकेक चित्र हातानं काढतात, दोन मिनिटांच्या दृश्याला महिनेच्या महिने देतात. आपण ती धाटणी चहा उकळेपर्यंत फुकटात घेतली. मीही घेतली, खोटं कशाला बोलू.

आता आपल्या महाराष्ट्रातलं बघा. वारली चित्रं तुम्ही साडीवर, पिशवीवर पाहिली असतील. ही मुळात बायांची कला. पालघर-डहाणूकडं लग्न असलं की सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढतात, मधोमध पालघट देवी. चौकाशिवाय लग्न लागत नाही. सत्तरच्या दशकात गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे. तरी आज कुणीही ‘वारली’ एवढा शब्द टाइप करून काड्यांची माणसं काढून घेतो आणि टी-शर्टवर छापतो. त्या माणसांचा फेर कशासाठी, मधला तारपा वाजवणारा कोण, हे मशीनला ठाऊक नसतं. वारली पाड्यावरच्या बाईची ऑर्डर मात्र जाते.

कायदा काय म्हणतो? तुम्ही स्वतः काढलेलं चित्र काढल्या क्षणापासून तुमचं. कॉपीराइटसाठी नोंदणी करायलाच हवी असं नाही. पण धाटणीवर कॉपीराइट नसतो, आणि घोळ तिथंच आहे. आवाजाच्या बाबतीत आपल्याकडं कोर्टानं पाऊल उचललंय. जुलै २०२४ मध्ये गायक अरिजीत सिंग यांच्या बाजूनं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या बाजूनं मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, की परवानगीशिवाय एआयनं त्यांच्या आवाजाची नक्कल करायची नाही. आशाताईंचा आवाज जग ओळखतं, वकीलही उभा राहतो. गोधडी शिवणाऱ्या बाईचा टाका कोण ओळखणार?

म्हणून गोधडीचंच सांगते. ऑनलाइन सुंदर गोधडीचा फोटो दाखवायचा आणि घरी छापील चादर पाठवायची, हा प्रकार एआयनं फार सोपा केलाय. एकदा फसलेलं गिऱ्हाईक पुढं आपल्या खऱ्या मालावरही विश्वास ठेवत नाही. तेव्हा आपला फोटो असा काढा, की मशीनला जमणार नाही. गोधडीची मागची बाजू दाखवा. टाका घालणारा हात दिसू द्या. अर्धी शिवून झालेली असताना दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या, तारखेसह जपून ठेवा. कोणत्या जुन्या साडीची आहे तेही सांगा, गिऱ्हाइकाला ते आवडतं.

आणि आपणही फसवायचं नाही. मीटिंगच्या निमंत्रणावर, वाढदिवसाच्या शुभेच्छांवर एआयचं चित्र चाललं तर चालू द्या, त्यात काही बिघडत नाही. पण विकायच्या पाकिटावर माल जसा आहे तसाच दिसला पाहिजे. खाण्याच्या वस्तूच्या लेबलावर दिशाभूल करणारं चित्र कायद्यालाही चालत नाही. शिवाय मशीनच्या चित्रातलं मराठी एकदा मोठ्यानं वाचून बघा. जोडाक्षरांची पार वाट लागलेली असू शकते.

फ्लेक्सवाल्या मुलाचं काय, असं कुणी विचारेल. वीसेक वर्षांपूर्वी दुकानांच्या पाट्या ब्रशनं रंगवणारे पेंटर होते, त्यांचं काम फ्लेक्सनं गेलं. आता फ्लेक्सवाल्याचं मोबाइल खातोय. हे थांबवणं आपल्या हातात नाही. पण आपल्या हातानं केलेल्या मालाला भाव मिळावा म्हणून आपण गिऱ्हाइकाशी भांडतो, आणि दुसऱ्याच्या हातच्या कामाचे पाचशे रुपये वाचवायला जातो, हे माझ्या मनाला काही पटेना.

शेवटी आम्ही त्याच्याचकडं परत गेलो. त्यानं आधी एक मोसंबी मागून घेतली, कापून टेबलावर ठेवली आणि मग काम सुरू केलं. नवं लेबल प्रभागसंघाच्या पुढच्या मीटिंगला आणतो, तुम्हीही आपापली पाकिटं घेऊन या.