वाट चुकणे : नवी आणि जुनी

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ आपल्या ७२ वर्षांच्या आईला घेऊन दवाखान्यात आले. सहा महिन्यांपूर्वीच त्या गावाहून पुण्यास मुलाकडे राहावयास आल्या होत्या. सकाळी उद्यानापर्यंत नीट जात. परतताना मात्र भलत्याच गल्लीत शिरत. ‘‘डॉक्टर, हा विस्मरणाचा आजार तर नव्हे?’’ मुलाने दबक्या आवाजात विचारले. आई हसून म्हणाल्या, ‘‘अहो, पन्नास वर्षं ह्यांच्या मागून चालले. रस्त्याकडे कधी बघितलंच नाही.’’

वाटांची स्मृती जपण्यात मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो. वय वाढते तसे नवी वाट शिकणे जड जाते. वाटेवरचा पिंपळ ओळखू येतो; पण त्याच्यापाशी डावीकडे वळावयाचे की उजवीकडे, हे निसटते. परतीच्या वाटेवर तर सारेच उलटे होते, म्हणून चूक बहुधा येतानाच घडते. हे स्त्री-पुरुष दोघांच्याही बाबतीत खरे आहे.

मग ‘बायकांना रस्ते कळत नाहीत’ या समजुतीचे काय? सरासरीने पाहता पुरुष दिशा आणि अंतर यांवर, तर स्त्रिया खुणांवर अधिक विसंबतात. ‘सी हीरो क्वेस्ट’ या मोबाइलवरील खेळातून अनेक देशांतील लाखो लोकांची दिशा शोधण्याची क्षमता तपासली गेली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पुरुष सरासरीने पुढे होते खरे. परंतु जेथे स्त्री-पुरुष समानता अधिक, तेथे हे अंतर कमी आढळले. एकटीने हिंडण्याची मुभाच ज्यांना मिळाली नाही, त्यांच्या मेंदूला दोष देण्याची घाई आपण करू नये.

या समजुतीची दुसरी बाजू मला अधिक सलते. माझ्याकडे येणारे एक निवृत्त पोस्टमन स्वतःच्याच गल्लीच्या तोंडाशी दोनदा गोंधळून उभे राहिले. ‘सारे गाव ह्यांना पाठ आहे, लक्ष नसेल’ असे म्हणून घरच्यांनी आठ महिने घालवले. वर्षानुवर्षांची वाट हरवणे ही वयाची साधी खूण नव्हे. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस व त्यालगतचा भाग फार लवकर बाधित होतो. अशा वेळी ‘बी १२’, थायरॉइड, दृष्टी आणि झोपेच्या गोळ्या यांचीही तपासणी व्हावी. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक उद्भवला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

त्या आजींना मी एवढेच सांगितले : प्रत्येक वळणावर थांबून मागे वळून पाहा, परतताना हेच दृश्य समोर असेल. खूण न हलणारी निवडा; भाजीची गाडी उद्या तिथे नसते. मुलाला बजावले, की आईच्या पुढे नव्हे, एक पाऊल मागे चालायचे, आणि ती चुकली तरी लगेच बोलायचे नाही. (हे त्यालाच अधिक कठीण गेले.) महिनाभरात त्या एकट्या जाऊ-येऊ लागल्या.

पोस्टमन आता पत्नीसोबत फिरावयास जातात. नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक लिहिलेले कार्ड खिशात ठेवण्यास मात्र ते अजून राजी नाहीत. म्हणून पत्नीने ते सदऱ्याच्या आतल्या खिशात शिवून टाकले आहे.