पाव मोजणी, अख्खी मांडी

३ जुलै १९७७. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात रेमंड डमेडियन यांच्या प्रयोगशाळेत जिवंत माणसाच्या छातीची पहिली एमआरआय प्रतिमा निघाली. वेळ किती लागला? पावणेपाच तासांच्या आसपास! आधी डमेडियन स्वतःच यंत्रात बसले होते, पण सिग्नलच मिळेना. त्यांच्या अंगावरची चरबी नडली असावी, असं ठरलं आणि लॅरी मिंकॉफ या सडपातळ सहकाऱ्याला आत बसवलं. आज मांडीच्या स्नायूंची त्याहून कितीतरी रेखीव प्रतिमा काही मिनिटांत समोर येते. चुंबकं सुधारली, संगणक सुधारले, हे तर झालंच. पण मला थक्क करते ती वेगळीच गोष्ट: माणसं हळूहळू कमी मोजायला शिकली.

मोजायचं असतं काय? मुख्यतः पाणी. आपल्या स्नायूंचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाण्याचा. त्या पाण्यातल्या हायड्रोजनचं प्रत्येक केंद्रक म्हणजे एक इवलंसं चुंबक. दीड टेस्लाच्या यंत्रात, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या जवळजवळ ३०,००० पट ताकदीत, ही चुंबकं शिस्तीत एका दिशेला वळत असतील, असं वाटतं ना? छे! जवळपास निम्मी क्षेत्राच्या दिशेने, निम्मी उलटी. दहा लाखांमागे फरक पडतो तो जेमतेम पाचांचा. अख्खी प्रतिमा उभी राहते ती या पाचांच्या जोरावर.

त्यांना ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरीने डिवचायचं, की ती त्याच सुरात उत्तर देतात. हे उत्तर मांडीच्या नेमक्या कुठल्या भागातून आलं, हे कळण्यासाठी चुंबकीय क्षेत्राला क्षणोक्षणी उतार द्यावा लागतो. यंत्रातला तो ठकठकाट याच कामाचा.

आता खरी मेख. यंत्राला चित्र थेट मिळत नाही. मिळतात त्याच्यात दडलेल्या लहानमोठ्या लाटांच्या नोंदी, एकेक ओळ करून. नोंदींच्या या वहीला ‘के-स्पेस’ म्हणतात. मधल्या ओळींत चित्राचा ढोबळ उजेड-अंधार, कडेच्या ओळींत बारीक रेघा. समजा, २५६ ओळी हव्यात आणि दर ओळीमागे दोन सेकंद थांबायचं. झाली साडेआठ मिनिटं. पाय हलला, तर मेहनत पाण्यात.

मग एका डिवचण्यात एकच ओळ का लिहायची? जर्मनीत युर्गेन हेनिग आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये एकाच डिवचण्यातून प्रतिध्वनींची माळ काढून दाखवली: एक प्रतिध्वनी, एक ओळ. वेळ एकदम कित्येक पटींनी घटला. स्नायू मात्र इथे हट्टी निघतो. त्याचा सिग्नल तीस-चाळीस मिलिसेकंदांतच विरू लागतो. माळ लांबवली, तर शेवटच्या ओळी लिहायच्या वेळी आवाजच उरत नाही आणि चित्राच्या कडा धूसर होतात. सुजलेल्या स्नायूतलं पाणी जास्त वेळ बोलत राहतं, म्हणून तो उजळ दिसतो. म्हणजे जी घाई अडचणीची, तिच्यातच निदानाची खूण!

पुढची झेप अंगाभोवती ठेवलेल्या, सिग्नल टिपणाऱ्या अनेक कॉइल्सची. प्रत्येक कॉइलला जवळचा भाग ठळक ऐकू येतो, त्यामुळे काही ओळी गाळल्या तरी गुंता सोडवता येतो. फुकट मात्र काहीच नाही. निम्मा वेळ वाचवला, की सिग्नल आणि खरखर यांचं गुणोत्तर किमान एकोणतीस टक्क्यांनी घसरतं.

आणि मग २००७ मध्ये मायकल लस्टिग, डेव्हिड डोनोहो आणि जॉन पॉली यांनी मांडलेली जवळजवळ जादूच वाटणारी युक्ती. ओळी गाळा, पण ठरावीक अंतराने नको, विस्कळीतपणे गाळा! एकाआड एक ओळ गाळली, तर मांडीवर मांडीचीच सावली दुमडून पडते; आंबेमोहरात कोलम मिसळावा तशी. वेगळं करणार कसं? विस्कळीत गाळल्यावर पडतो तो नुसता विखुरलेला कचरा, तांदळातल्या खड्यांसारखा. तो निवडता येतो. गणित चित्राला विचारतं, ‘तुझं सगळं सार थोडक्या आकड्यांत मावतं ना?’ आणि त्यात न बसणारं वेचून टाकतं.

वाचलेल्या वेळाचा उपयोग काय? स्नायूत शिरलेली चरबी मोजणं. चरबीतले हायड्रोजन पाण्यातल्यांपेक्षा किंचित सावकाश डोलतात. दीड टेस्लाला हा फरक सेकंदाला सुमारे २२० फेऱ्यांचा, म्हणजे एकदा सुरात आल्यावर २.३ मिलिसेकंदांत दोघं नेमके उलटसुलट. सुरातली एक प्रतिमा आणि उलटी एक; बेरीज केली की पाणी, वजाबाकी केली की चरबी! थॉमस डिक्सन यांची ही कल्पना १९८४ ची. ड्युशेनसारख्या आजारात मुलांच्या स्नायूंची जागा चरबी घेत जाते. तिचं प्रमाण वर्षानुवर्षं मोजायचं, तर लहान मुलाला फार वेळ निश्चल कसं ठेवणार?

आता या कामात शिकवून तयार केलेली न्यूरल नेटवर्कं उतरली आहेत. न्यूयॉर्क विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी २०१८ मध्ये हाती घेतलेल्या प्रकल्पात गुडघ्याच्या प्रतिमा पाव मोजणीतून उभ्या केल्या, आणि रेडिओलॉजिस्टना त्या निदानासाठी नेहमीच्या प्रतिमांइतक्याच कामाच्या वाटल्या. धोका उघड आहे: न मोजलेल्या जागी नेटवर्कने नसलेली चीर काढली, किंवा असलेली पुसली तर? म्हणून तयार चित्र पुन्हा के-स्पेसमध्ये नेऊन प्रत्यक्ष मोजलेल्या ओळींशी ताडून पाहिलं जातं. आणि यातली सगळ्यात मजेशीर गोष्ट? नेटवर्कची चित्रं इतकी गुळगुळीत निघत, की ती डोळ्यांना खोटी वाटत. शेवटी संशोधकांनी त्यांच्यात थोडी खरखर मुद्दाम मिसळली!