खापराचा पत्ता : तेर, सायप्रस आणि एक बिस्किटाचा डबा

आमच्या सिद्धेश्वरला उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली गेलं की काठचा गाळ उघडा पडतो. पूर्णेवरचं, येलदरीच्या खालचं हे धरण. शाळेत असताना त्या काठावरून मी खापरं गोळा करायचे. लाल, काळी, एखादं रेघा ओढलेलं. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ती अजून आहेत. पीएचडीला प्रवेश मिळाल्यावर मोठ्या उत्साहानं डबा उघडला आणि पहिल्याच खापराला अडले. हे नेमकं सापडलं कुठे? भिंतीच्या बाजूला, की वरच्या अंगाला? मोकळं पडलेलं होतं, की दरडीतून उकरलं? काही म्हणता काही आठवेना. त्याची माती, भाजणी, काठाचा आकार बघून वयाचा थोडाफार अंदाज करता येईल. पण त्याच्या जोरावर आमच्या गावाबद्दल एक ओळही लिहिता येणार नाही.

हे सांगायचं कारण, तुमच्यापैकी बरेच जण म्हणतात की मला उत्खनन जमणार नाही, मी संग्रहालयातल्या वस्तूंवर काम करेन. चांगला विचार आहे. पण कपाटातली वस्तू दिसायला कितीही अखंड असली तरी तिचा पत्ता हरवलेला असू शकतो, आणि तसा तो बऱ्याचदा असतोच.

आपल्या मराठवाड्यातलंच उदाहरण घेऊ. धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणाकाठचं तेर. (गोरोबाकाकांचं गाव. आमच्या हिंगोलीच्या नामदेवांना थापटण्यानं ठोकून कच्चं मडकं ठरवणारे ते हेच, त्यामुळे आमचं तेरशी जरा जुनं देणंघेणं आहे.) इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या व्यापारी पुस्तकात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचं मोठं गाव सांगितलं आहे. ते हेच तेर, असं अभ्यासक मानतात. गावाभोवती पांढरीची टेकाडं आहेत. पाऊस पडला, नांगर फिरला, की त्यातून मणी, मृण्मूर्ती, खापरं वर येतात. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी या वस्तू वर्षानुवर्षं जमवल्या आणि त्यातून त्यांच्याच नावाचं संग्रहालय उभं राहिलं. पांढऱ्या केओलिन मातीच्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या सातवाहनकाळातल्या बाहुल्या बघायच्या असतील तर तिथे जाच. परभणी, लातूर, ढोकी करत एसटीनं अख्खा दिवस जातो, पण जा.

या संग्रहात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. आकारानं छोटी, दागिन्यांनी मढलेली. तिची एक बहीण इटलीत आहे. पॉम्पेई शहर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुवियसच्या राखेखाली गाडलं गेलं, तिथे एका घरात १९३८ साली भारतीय घडणीची हस्तिदंती मूर्ती सापडली. आता ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. आणखी एक तशीच मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाली, १९७३ च्या उत्खननात, सातवाहन थरात.

तीन मूर्ती दिसायला सारख्या. पण पुरावा म्हणून तिघींचं वजन सारखं नाही, आणि नवखा अभ्यासक नेमका इथेच घसरतो. पॉम्पेईची मूर्ती ७९ नंतरची असूच शकत नाही, कारण त्या वर्षी दार बंद झालं. मात्र ती त्याआधी किती वर्षं जुनी होती, हे राख सांगत नाही. भोकरदनच्या मूर्तीला थर आहे, म्हणजे सोबत कोणती खापरं होती, वर काय, खाली काय, हे तपासता येतं. तेरच्या मूर्तीला गाव आहे, थर नाही. तिचा काळ आपण ठरवतो तो बाकीच्या दोघींशी असलेल्या साम्यावरून.

इथपर्यंत ठीक. गडबड पुढे होते. कुणीतरी लिहितं, ‘तेरची मूर्ती पहिल्या शतकातली आहे, म्हणून पहिल्या शतकात तेरचा रोमशी व्यापार होता.’ अहो, पण पहिलं शतक आणलं कुठून? पॉम्पेईहून! म्हणजे रोमशी असलेलं नातं आधी गृहीत धरलं, त्यावरून काळ काढला आणि त्या काळावरून तेच नातं सिद्ध केलं. तेरचा पश्चिमेशी संबंध होता याला इतर पुरावे आहेत, ते वापरा. ही मूर्ती त्या कामाला लावू नका.

पत्ता हरवतो कसा, हे बघायला थोडं लांब जाऊ, सायप्रसला. भूमध्य समुद्रातलं हे बेट मातीची भांडी आणि चुनखडीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध. लुइजी पाल्मा दि चेस्नोला हा मूळचा इटालियन माणूस १८६५ मध्ये अमेरिकेचा वाणिज्यदूत म्हणून तिथे गेला. दहाएक वर्षांत त्यानं मजूर लावून असंख्य थडगी उघडली आणि हजारो वस्तू गोळा केल्या. त्यातला मोठा भाग न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं विकत घेतला आणि १८७९ मध्ये हेच गृहस्थ तिथले पहिले संचालक झाले! कुरियन इथल्या एका मंदिराखालच्या तळघरात आपल्याला खजिना मिळाला, असं त्यानं पुस्तकात छापलं. पुढे कुणालाही ती तळघरं सापडली नाहीत, आणि ‘खजिन्या’तल्या वस्तूंच्या काळात काही शतकांची तफावत निघाली. बहुधा वेगवेगळ्या ठिकाणच्या वस्तू एका गोष्टीत ओवल्या होत्या. वस्तू खऱ्या, पत्ता खोटा. संग्रहातली बरीचशी भांडी पुढे विकलीही गेली आणि अमेरिकाभर विखुरली.

त्याच बेटावर १९२९ साली स्वीडिश पथकानं आया इरिनी इथे एक देवस्थान खणलं. एका वेदीभोवती अर्धवर्तुळात मांडलेल्या सुमारे दोन हजार मातीच्या मूर्ती, विताएवढ्या ते माणसाएवढ्या, जागच्या जागी मिळाल्या. पथकानं प्रत्येकीची जागा नकाशावर टिपली. आज त्यातल्या काही निकोसियात आहेत, काही स्टॉकहोममध्ये. तरी कागदावर ती सभा पुन्हा भरवता येते.

मग लामतुरे यांचा संग्रह चेस्नोलाच्या पंगतीत बसवायचा का? मला ते साफ चुकीचं वाटतं. लामतुरे त्याच गावात राहिले आणि त्यांनी वस्तू परदेशी विकल्या नाहीत. त्यामुळे निदान गाव पक्कं आहे, आणि एवढ्यावरही पुष्कळ काम होतं. तेरला १९५८ मध्ये चापेकरांनी उत्खनन केलं, त्याचा अहवाल छापलेला आहे. संग्रहातल्या भांड्याचा काठ, माती, लेप हे सगळं अहवालातल्या एखाद्या थराच्या खापरांशी जुळलं, तर भांड्याला थराचा आधार मिळतो. उसना आधार, पण आधारच.

साच्याच्या बाहुल्यांचं काम तर फार गमतीचं आहे. साच्याला चीर गेली असेल तर ती त्यातून निघालेल्या प्रत्येक बाहुलीवर उमटते. त्यावरून सख्ख्या बहिणी ओळखता येतात. त्यातली एक जरी दुसरीकडे उत्खननात मिळालेली असली, तरी हरवलेल्या पत्त्याचा निम्मा भाग हाती लागतो. शिवाय माती वाळताना आणि भाजताना आकसते. तयार बाहुलीवरून नवा साचा घेतला तर त्यातून येणारी बाहुली जराशी लहान निघते, चेहराही बोथट होतो. व्हर्नियर घेऊन कानापासून कानापर्यंत मापं घ्या, पिढ्या लावता येतात. याला ना प्रयोगशाळा लागते, ना मोठं अनुदान. एखाद्या कुंभाराला माती किती आकसते ते विचारून घ्या, पुस्तकापेक्षा लवकर कळेल.

संग्रहालयात गेलात की काचेपुढे उभं राहण्याआधी दाखल नोंदवही मागा. वस्तू कधी आली, कुणाकडून आली, ‘सापडल्याचं ठिकाण’ या रकान्यात काय लिहिलंय आणि ते कुणी, किती वर्षांनी लिहिलंय. शाई वेगळी दिसली तर तेही टिपून ठेवा. मी माझ्या वहीत तीन रकाने आखते : वस्तू स्वतः काय दाखवते, नोंद काय म्हणते, आणि मी काय धरून चाललेय. तिसरा रकाना सुरुवातीला रिकामा राहतो. महिन्याभरानं परत बघितलं की पहिल्या दोन रकान्यांतल्या निम्म्या ओळी तिकडे सरकवाव्या लागतात. गाईडनं पहिल्यांदा माझ्या वहीत असे बाण काढले तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं.

आणि शिवारात खापर दिसलं तर उचलू नका. फोनचं लोकेशन चालू ठेवून जागेवरच फोटो काढा, शेजारी पेन ठेवा म्हणजे माप कळेल.

माझ्या डब्यावर आता चिठ्ठी आहे : ‘सिद्धेश्वर, धरणाचा काठ. नेमकी जागा माहीत नाही. वरून गोळा केलेलं. इयत्ता सहावी ते आठवी.’