उन्हाळ्याची तयारी दिवाळीआधी
विज्ञान पदवीनंतरच्या वाटा : लेखांक ६

मागच्या लेखांकात आपण देशातल्या उन्हाळी फेलोशिप पाहिल्या. तीन विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची संयुक्त योजना, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा 'एनआययूएस' कार्यक्रम आणि पुण्याच्या आयुकातला सुट्टीतला कार्यक्रम यांचा त्यात समावेश होता. आता परदेशातल्या संधींकडे वळू. हा विषय निघाला की बीएस्सीच्या विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न असतो, किती टक्के लागतात? प्रश्न स्वाभाविक आहे, कारण दहावी-बारावीपासून प्रत्येक दार त्यांच्यासाठी टक्क्यांनीच उघडलेले किंवा मिटलेले असते. इथे मात्र टक्के फार तर उंबरठ्यापर्यंत नेतात. आत कोणाला घ्यायचे हे दोन कागदांवरून ठरते. एक, विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहिलेले निवेदन; दुसरा, त्याला काम करताना पाहिलेल्या शिक्षकाचे शिफारसपत्र. हे पत्र म्हणजे साक्ष असते, आणि साक्ष द्यायला साक्षीदाराने काहीतरी पाहिलेले असावे लागते. ते पाहण्याची वेळ पहिल्या सत्रातल्या प्रॅक्टिकलची आहे. त्यामुळे येत्या उन्हाळ्याची संधी बरीचशी दिवाळीआधीच ठरून जाते.

परदेशी संस्था पदवीच्या विद्यार्थ्यांना बोलावतात तरी कशासाठी, हे समजले की साक्षीचे महत्त्व पटते. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांसाठीचा उन्हाळी उपक्रम १९६२पासून चालू आहे. अमेरिकेत एमआयटीने १९६९मध्ये, तर कॅलटेकने १९७९मध्ये असे कार्यक्रम सुरू केले. त्यामागचा विचार असा की, विद्यार्थी पदवीला असतानाच चालू संशोधनाच्या गटात बसावा आणि उत्तर कोणालाच माहीत नसलेल्या प्रश्नाशी त्याची गाठ पडावी. सर्नमध्ये उन्हाळी विद्यार्थ्यांसाठी व्याख्यानमाला असते, पण बाकीचा वेळ एखाद्या गटाबरोबर प्रत्यक्ष कामात जातो. एखाद्या संवेदकाची चाचणी घ्यायची, नोंदींचा ढीग उपसणारा प्रोग्रॅम लिहायचा, आकडे का जुळत नाहीत याचा माग काढायचा. अशा कामाला माणूस निवडताना ९२ टक्के की ७८ टक्के, यापेक्षा आकडा चुकला तेव्हा या मुलाने किंवा मुलीने काय केले, हे कळणे जास्त उपयोगाचे असते.

आपली अडचण नेमकी इथे आहे. कॅटरच्या लंबकाचा प्रयोग घ्या. गुरुत्वत्वरणाची, म्हणजे 'जी'ची, किंमत ९८० सेंटिमीटर प्रति सेकंद वर्गाच्या आसपास यायला हवी, हे प्रयोग लावायच्या आधीच वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. एखाद्या गटाला ९४० मिळते. वेळ संपत आलेली असते, बाहेर पुढची बॅच उभी असते. मग रीडिंग जुळवली जातात, जर्नलवर सही होते, आणि त्या दिवशी हाती लागलेली एकमेव संशोधनाची संधी निसटते. ९४० का आले? पात्याची धार नीट टेकली नव्हती का, लंबक जास्तच कोनातून सोडला होता का, की आंदोलने मोजताना एक गळले? आणि एक गळले असेल, तर त्याने किंमत वाढेल की कमी होईल? हा शोध म्हणजेच संशोधन, आणि त्याला परदेशी यंत्रसामग्री लागत नाही. अशा गटातल्या मुलीबद्दल शिक्षक दोन प्रकारे लिहू शकतात. 'ही विद्यार्थिनी प्रामाणिक, कष्टाळू व आज्ञाधारक असून तिला उज्ज्वल भवितव्य लाभो' हे वाक्य कोणाच्याही पत्रात चालते, म्हणूनच ते कोणाच्याच कामाचे नसते. 'तिला किंमत कमी आली तेव्हा तिने रीडिंग बदलली नाहीत. दुसऱ्या दिवशी परवानगी मागून प्रयोग पुन्हा लावला आणि चूक मोजणीत नसून टेकूत आहे हे दाखवून दिले' या दोन वाक्यांनी मात्र निवड करणाऱ्याला ती मुलगी डोळ्यांपुढे दिसते.

अशा उन्हाळ्यांचा खरोखर उपयोग होतो का, हे तपासणारे अभ्यासही झाले आहेत. सुसान रसेल आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये 'सायन्स' साप्ताहिकात प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकेतल्या सुमारे ४,५०० पदवी विद्यार्थ्यांचा समावेश होता. संशोधनाचा अनुभव घेतल्यावर विज्ञान-तंत्रज्ञानातल्या करिअरविषयी आपली ओढ थोडी तरी वाढली, असे ६८ टक्क्यांनी सांगितले. २९ टक्क्यांच्या मनात पीएचडीचा विचार नव्याने आला. यावर रास्त आक्षेप असा की, मुळात ओढ असणारेच अशा कामाला जातात, मग श्रेय अनुभवाचे की ओढीचे? आक्षेप मान्य करायला हवा, कारण विद्यार्थ्यांनी स्वतःविषयी सांगितलेल्या गोष्टीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण त्या २९ टक्क्यांकडे पाहा. ज्यांच्या मनात पीएचडी आधी नव्हतीच, त्यांच्या बाबतीत सगळे श्रेय आधीच्या ओढीला देता येत नाही. उन्हाळ्याच्या दहा आठवड्यांत कोणता मोठा शोध लागणार, असेही विचारले जाते. लागत नाही, आणि तशी अपेक्षाही नसते. आपल्याला हे काम आवडते का, हे पीएचडीची पाच वर्षे पणाला लावण्याआधी दहा आठवड्यांत कळते. ते आवडत नाही असे कळले तरीही तो लाभच आहे.

सर्वांत जोरदार आक्षेप असा, की हे सगळे आयआयटी-आयसरच्या मुलांसाठी आहे, जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजांसाठी नाही. यात तथ्य आहे. काही योजना ठरावीक संस्थांपुरत्याच मर्यादित असतात. अमेरिकेची पदवी विद्यार्थ्यांच्या संशोधन-अनुभवाची 'आरईयू' योजना नावाने सर्वत्र दिसते, पण ती तिथल्या सरकारी पैशावर चालत असल्याने जवळजवळ पूर्णपणे तिथल्या नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठी राखलेली आहे. तिच्या याद्या चाळण्यात विद्यार्थ्यांनी वेळ घालवू नये. पण सर्नच्या अर्जात कॉलेजच्या दर्जाची अट नाही. भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी, संगणक अशा विषयांतली पदवीची तीन वर्षे तोवर पूर्ण व्हायला हवीत, ही पात्रतेची मुख्य अट आहे. भारत २०१७पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, दरवर्षी वर्गणी भरतो. तिथल्या २७ किलोमीटर परिघाच्या वेगवर्धकाचे चुंबक भारतात बनलेल्या जॅकवर पेललेले आहेत. तिथे अर्ज करताना आपल्या मुलांनी संकोच करण्याचे काहीच कारण नाही. जपानच्या ओकिनावा विज्ञान तंत्रज्ञान संस्थेची इंटर्नशिपही सर्व देशांना खुली आहे. ती विमानभाडे, राहण्याची सोय आणि दैनिक भत्ता देते. तेव्हा छोट्या कॉलेजचा खरा तोटा नियमांत नसून साक्षीत आहे. शंभर-सव्वाशे मुलांच्या वर्गात शिक्षकाला विद्यार्थी नावानेही ठाऊक नसतो, मग तो लिहिणार काय?

त्यात वेळापत्रकाचीही भर पडते. आपली सुट्टी मे महिन्यात, परदेशी संस्थांची जून ते ऑगस्ट. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी जूनमध्ये निघाला तर तिसऱ्या वर्षाची हजेरी बुडते. तिसऱ्या वर्षाची परीक्षा आणि एमएस्सीचा प्रवेश यांच्यामधले आठवडे मात्र या कामाला बरेचसे जुळतात. ओकिनावाची इंटर्नशिप दोन ते सहा महिन्यांची असते आणि तिला उन्हाळ्याचेच बंधन नाही. अर्जांच्या तारखा तर आणखी आधीच्या. कॅनडाच्या मायटॅक्स ग्लोबलिंकचे अर्ज साधारणपणे सप्टेंबरात संपतात, सर्नचे जानेवारीअखेर. जर्मनीच्या डीएएडीची 'वाइज' योजना तिथल्या प्राध्यापकाचे निमंत्रण आधी मागते, म्हणजे त्याआधीचे कित्येक आठवडे पत्रव्यवहारात जातात. एकच मजकूर दोनशे प्राध्यापकांना पाठवून निमंत्रण येत नाही. एका प्राध्यापकाचा एक शोधनिबंध नीट वाचून त्यावर एक नेमका प्रश्न विचारणारे पत्र वाचले जाण्याची शक्यता कितीतरी जास्त.

पैशांबद्दल एक सूचना. चांगले संशोधन कार्यक्रम विद्यार्थ्याला भत्ता देतात. 'परदेशी इंटर्नशिप'च्या नावाखाली आधी मोठी रक्कम मागणारे एजंट आणि प्रमाणपत्रे विकणारे यांच्यापासून पालकांनी दूर राहावे. फी घेणाऱ्या समर स्कूल काही विद्यापीठे चालवतात आणि त्यात गैर काही नाही, पण तो अभ्यासक्रम असतो, संशोधन नव्हे.

मग मुळात परदेशच का, असेही कोणी म्हणेल. माझ्या मते क्रम असा असावा: आधी आपल्या कॉलेजची प्रयोगशाळा, मग मानखुर्द, आयुका किंवा अकादमींची फेलोशिप, आणि त्यानंतर परदेश. देशातल्या संस्थेत दोन महिने काढलेल्या विद्यार्थ्याला तिथल्या मार्गदर्शकाची दुसरी साक्ष मिळते, आणि परदेशी अर्जात सर्वाधिक वजन तिलाच असते. परदेशात जायचे ते तिथलेच यंत्र, तिथलाच गट हवा असेल तर. नुसता शिक्का हवा म्हणून गेलेल्याचे दहा आठवडे वाया जातात.

प्राध्यापकांना एक विनंती. प्रॅक्टिकलच्या प्रत्येक बॅचला सत्रातून एक तरी प्रयोग असा द्या, ज्याचे उत्तर जर्नलच्या मागच्या पानावर नाही. ज्याचा आकडा चुकला, त्याला सही नाकारण्याऐवजी पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलवा, आणि त्याने काय केले ते वहीत दोन ओळींत टिपून ठेवा. जानेवारीत शिफारसपत्र लिहायला बसाल, तेव्हा त्याच दोन ओळी लागतील.